काचेचं अ‍ॅवॉर्ड आणि भिंतीतलं भोक

टाऊनहॉलमध्ये माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी शेवटच्या रांगेत समोसा खात होतो. ‘स्टार ऑफ द क्वार्टर’! टाळ्या, फोटो, काचेचं जडशीळ स्मृतिचिन्ह आणि एचआरच्या मॅडमचं ‘प्लीज स्माइल’. सगळं साग्रसंगीत. फक्त एकच घोळ होता. आदल्याच शुक्रवारी माझ्या रिलीजने क्लायंटची बिलिंग सिस्टिम चार तास झोपवली होती. अ‍ॅवॉर्ड आधीच्या तीन महिन्यांचं, यादी केव्हाच फायनल झालेली. पण हॉलमधल्या पब्लिकला शुक्रवारचीच गोष्ट माहीत होती. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते जे अर्धवट हसू होतं ना, ते ज्यांना एकदा तरी मिळालंय त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल.

ही २०१० च्या पावसाळ्यातली गोष्ट. क्लायंट डॅलसचा. तिथल्या सपोर्ट टीममधला एक जण रोज रात्रीच्या कॉलवर असायचा. काम संपल्यावर पाचेक मिनिटं गप्पा व्हायच्या. त्याला मी हा किस्सा सांगितला. मला वाटलं सहानुभूती मिळेल. तो हसत सुटला आणि म्हणाला, आमच्या गावात या विषयातला वर्ल्ड चॅम्पियन राहतो, जरा नेटवर शोध. डर्क नोवित्स्की.

तोपर्यंत बास्केटबॉल म्हणजे माझ्यासाठी मायकेल जॉर्डन आणि शाळेच्या ग्राउंडवरची गंजलेली रिंग. शोधलं. आणि पहाटे तीनपर्यंत वाचत बसलो.

आज डर्कचा बायोडेटा कुठेही मिळतो. सात फूट उंचीचा जर्मन. एकाच टीमकडून, डॅलस मॅव्हरिक्सकडून, २१ सीझन. ३१,५६० पॉइंट्स, २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा एनबीएच्या सर्वकालीन यादीत सहावा. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम. एका पायावर मागे झुकत मारलेला त्याचा तो शॉट पुढे निम्म्या लीगने उचलला. पण मला त्या रात्री यातलं काही दिसलं नाही, बरंचसं तर घडायचंच होतं. मला दिसला तो २००७ चा मे महिना.

त्या सीझनला मॅव्हरिक्सनी ८२ पैकी ६७ मॅचेस जिंकल्या होत्या. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर आली गोल्डन स्टेट वॉरियर्स, त्यांच्या गटातली शेवटून आत शिरलेली आठव्या नंबरची टीम. तिचा कोच कोण, तर डॉन नेल्सन! १९९८ मध्ये ज्याने या पोराला जर्मनीतून डॅलसला आणण्याचा हट्ट धरला तोच. डर्कला कुठे अडवायचं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? सातच्या सिरीजमध्ये आठव्या नंबरने पहिल्या नंबरला हरवलंय असं तोवर कधीच झालं नव्हतं. ते झालं. ३ मे रोजी ओकलंडमध्ये शेवटची मॅच २५ पॉइंट्सनी गेली. डर्कने १३ वेळा बॉल फेकला, दोनदा आत गेला. लॉकर रूमकडे जाताना त्याने एक कचऱ्याचा डबा उचलून भिंतीवर भिरकावला. भिंतीला भोक पडलं.

आणि १५ मे रोजी, म्हणजे अवघ्या बारा दिवसांनी, त्याला सीझनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एमव्हीपी ट्रॉफी मिळाली! हा मान मिळवणारा पहिला युरोपियन. सीझन संपायच्या वेळीच मतं दिली गेली होती. त्या सोहळ्याचे फोटो बघा. सूट घातलाय, हातात ट्रॉफी आहे, आणि चेहरा असा, की कुणीतरी लवकर घरी सोडा. मी मध्यरात्री माझ्या टेबलवरच्या काचेच्या ठोकळ्याकडे बघितलं आणि एकटाच हसलो.

तसा हा माणूस एका दिवसात एवढा खचलेला नव्हता. आदल्याच वर्षी, २००६ च्या फायनलमध्ये, मायामी हीटविरुद्ध मॅव्हरिक्स २-० पुढे होते. तिसऱ्या मॅचमध्येही १३ पॉइंट्सची आघाडी. ती गेली, आणि शेवटच्या क्षणी बरोबरी करून देणारा फ्री थ्रो डर्कने हुकवला. जो दहापैकी नऊ फ्री थ्रो झोपेत मारतो त्याने! मग ओळीने चार मॅचेस गेल्या. युरोपियन खेळाडू म्हणजे ‘सॉफ्ट’, दबावाखाली मोडणार, हे लेबल अमेरिकेत आधीपासून होतंच. आता त्यावर पक्का शिक्का बसला.

मला जास्त इंटरेस्ट होता तो पुढे त्याने काय केलं यात. तो ऑस्ट्रेलियात गेला. तिथल्या उजाड भागात काही आठवडे, गाडी, उघडं आकाश, वाढलेली दाढी. सोबत होल्गर गेशविंडनर. हा अवलिया स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जर्मन टीमचा कॅप्टन, शिक्षणाने गणित-भौतिकशास्त्रवाला. व्युर्त्सबुर्ग नावाच्या गावातल्या रंगकामाचा धंदा करणाऱ्या घरातलं हे पंधरा-सोळा वर्षांचं लंबूटांग पोरगं त्याला एका जिममध्ये दिसलं, आणि त्याने त्याला आपणहून शिकवायला घेतलं. सात फुटी माणसाने बॉल किती कोनातून सोडला तर चुकीला जास्तीत जास्त जागा राहते, हे त्याने चक्क गणित मांडून काढलं होतं. पावलं सुधारायला तलवारबाजी, शिवाय रोइंग आणि सॅक्सोफोनसुद्धा! डॅलसमधल्या पहिल्या सीझनला डर्कची सरासरी ८.२ पॉइंट्स होती आणि परत घरी जावं असं त्याच्या मनात येत होतं. तेव्हाही उपाय हाच होता. उन्हाळा आला की जर्मनीत जायचं, राटेल्सडॉर्फ या खेड्यातल्या शाळेच्या जिममध्ये होल्गरसमोर तेच शॉट पुन्हा मारायचे. एमव्हीपी झाल्यावरही तेच!

असो. मी काही सॅक्सोफोन आणला नाही. मी तो पडलेला रिलीज उघडला आणि ओळ न् ओळ वाचायला घेतली. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची ऑफर आली, पस्तीस टक्के हाइक. कँटीनमधला माझा मित्र म्हणाला, ‘अरे वेड्या, सुटायचा चान्स आहे. इथे तू कायम तो बिलिंगवाला राहणार.’ त्याचं चुकत नव्हतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये डर्कचंही कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर लाइव्ह जाहीर करून मायामी गाठली होती, वेड आणि बॉशच्या जोडीला. डर्कने डॅलसशीच चार वर्षांचा करार केला, ८ कोटी डॉलर्सचा. हवे तर आणखी दीडेक कोटी मिळत होते, पण टीमला बाकीचे चांगले खेळाडू घेता यावेत म्हणून त्याने सोडले. याला निष्ठा म्हणतात, म्हणोत. मला स्वतःला ‘कंपनीशी निष्ठा’ हा शब्द अप्रेझलच्या दिवशी हमखास आठवतो आणि हसू येतं. आपल्याला कुणी ८ कोटी डॉलर्स देत नाही, आणि टीमवर खर्च करायला उतावीळ असलेला मार्क क्यूबनसारखा मालकही नसतो. तेव्हा डर्क राहिला म्हणून मी राहिलो असं म्हटलं तर ती थाप होईल. मी राहिलो, कारण तो रिलीज मला एकदा माझ्या हाताने नीट करायचा होता. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘पस्तीस टक्के म्हणजे किती रे?’ आकडा सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

नव्या रिलीजची तारीख ठरली डॅलसची रविवार रात्र, १२ जून २०११. म्हणजे आपल्याकडे सोमवार पहाट. तारीख ठरवताना कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, की त्याच रात्री फायनलची सहावी मॅच असेल, समोर पुन्हा मायामी, आणि डॅलस ३-२ ने पुढे!

साडेपाचला कॉल सुरू झाला. पलीकडे डॅलसवाला घरून, मागे टीव्ही चालू. त्या सिरीजमधलं सगळं तो मला रोज पुरवत होताच. पहिल्या मॅचमध्ये डर्कच्या डाव्या हाताच्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या मॅचमध्ये १५ पॉइंट्सची पिछाडी भरून काढल्यावर त्याच डाव्या हाताने त्याने विजयी बास्केट टाकली. चौथी मॅच १०१ तापात खेळला. त्यावर वेड आणि लेब्रॉनने कॅमेऱ्यासमोर खोकल्याची नक्कल केली होती. डॅलसवाला ते सांगताना शिव्या द्यायचा.

त्या पहाटे हाफटाइमपर्यंत डर्कचे १२ पैकी ११ शॉट हुकले होते. इकडे माझी दुसरी स्क्रिप्ट अडकली. कॉलवर दोघंही गप्प. जेसन टेरी टीमला तारतोय, एवढंच मधूनमधून कळायचं. (या टेरीने सीझन सुरू व्हायच्या आधीच दंडावर चॅम्पियनशिप ट्रॉफी गोंदवून घेतली होती. असा एक आशावादी प्रत्येक टीममध्ये लागतो.) मी स्क्रिप्ट मागे घेतली, दुरुस्त केली, पुन्हा चालवली. सातनंतर तिकडून आवाज वाढायला लागला. डर्क मारतोय. अजून एक. शेवटच्या क्वार्टरमध्ये १० पॉइंट्स. तेच शॉट, त्याच कोनातून.

आठ वाजून गेल्यावर तिकडे आरडाओरडा झाला. १०५-९५. मॅव्हरिक्सचं पहिलंवहिलं विजेतेपद. मग अचानक डॅलसवाला गोंधळून विचारायला लागला, ‘डर्क कुठे गेला?’ सगळे मैदानावर नाचत होते आणि हा पठ्ठ्या कडेच्या टेबलावरून पलीकडे उडी मारून लॉकर रूममध्ये निघून गेला होता. एकटाच रडत होता. ट्रॉफी घ्यायला त्याला समजावून बाहेर आणावं लागलं. फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता.

ओकलंडमधलं भिंतीचं ते भोक वॉरियर्सनी बुजवलं नाही. काच लावून ठेवलं, डर्कने त्यावर सही केली, आणि २०१९ मध्ये तो भिंतीचा तुकडा त्यांनी त्याला भेट म्हणून दिला. हे पुढचं. त्या सकाळी पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने डॅलसवाल्याला आपण कामाच्या कॉलवर आहोत हे आठवलं. घसा साफ करून त्याने विचारलं, बिलिंगचं काय झालं?

मी म्हटलं, वीस मिनिटं झाली. चालू आहे.