साबणावरची अक्षरे

कैद्याला साबणाची वडी मिळते ती अंग धुण्यासाठी. इरीना रातुशिन्स्कायाने तिचा पाटीसारखा उपयोग केला. आगकाडीच्या टोकाने ती साबणावर कवितेच्या ओळी कोरी, पुन:पुन्हा वाचून त्या मुखोद्गत करी, आणि मग हात धुऊन टाकी. झडती घेणाऱ्या पहारेकरणीच्या हाती काही लागत नसे. कविता मात्र शाबूत राही. पुढे सिगारेटच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत उतरून त्यांपैकी काही कविता छावणीबाहेर गेल्या, आणि कवयित्री कैदेत असतानाच १९८६ साली इंग्लंडमध्ये तिचा संग्रह प्रसिद्ध झाला.

मराठी वाचकाला येथे अंदमानातील भिंत आठवणे स्वाभाविक आहे. सावरकरांनी कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरून त्या पाठ केल्या, ही हकीकत त्याच्या शालेय वयापासून परिचयाची असते. पण साम्य लिहिण्याच्या साधनापुरतेच आहे. सावरकरांना शिक्षा झाली ती राज्य उलथविण्याच्या कटासाठी, आणि ते राज्य उलथवायचे आहे हे त्यांनी कधी लपविले नव्हते. रातुशिन्स्कायापाशी कट नव्हता, शस्त्र नव्हते, पक्षही नव्हता. तिची कविता हाच तिच्यावरील आरोप होता, आणि त्या कवितेत ईश्वर होता.

ती १९५४ साली ओडेसा येथे जन्मली. घराणे मुळात पोलिश, शिक्षण पदार्थविज्ञानाचे. बालपणी तिला कोणी धर्म शिकविला नाही. परी आणि भुते नसतात हे मोठ्यांनी एकदा सांगून सोडून दिले. ईश्वर नाही हे मात्र शाळेत वारंवार सांगितले जाई. जे नाहीच त्याच्याविरुद्ध इतकी धडपड कशासाठी, असा प्रश्न त्या मुलीला पडला. नास्तिकतेच्या प्रचाराने आस्तिक घडविल्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

सप्टेंबर १९८२ मध्ये तिला अटक झाली. मार्च १९८३ मध्ये, वयाची २९ वर्षे पुरी होता होता, सात वर्षांची सक्तमजुरी आणि त्यानंतर पाच वर्षांची अंतर्गत हद्दपारी अशी शिक्षा तिला सुनावण्यात आली. आरोपपत्रातील शब्द होते ‘सोव्हिएतविरोधी प्रचार’. धर्माचा उल्लेख त्यात असण्याची गरज नव्हती. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या संविधानातील बावन्नावे कलम विवेकस्वातंत्र्याची हमी देत होते. परंतु त्याचा मसुदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. नागरिकाला उपासना करण्याचा अधिकार आहे, किंवा निरीश्वरवादाचा प्रचार करण्याचा. म्हणजे श्रद्धावंताने हात जोडावेत, बोलायचे ते दुसऱ्याने. १९२९ च्या धार्मिक संघटनांविषयीच्या कायद्याने तर चर्चला दानधर्म करण्याचीही मनाई केली होती. एका उभयान्वयी अव्ययात केवढा तुरुंग मावू शकतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे.

मोर्दोवियातील बराशेवो येथे स्त्री राजबंद्यांसाठी एक लहानसे स्वतंत्र आवार होते. त्या आवारात मोजक्याच स्त्रिया असत. त्या कामगारांचे हातमोजे शिवीत, कुंपणाच्या आत भाजी लावीत आणि ती उपटून टाकली गेली की पुन्हा लावीत. छातीवर नावाची पट्टी लावण्यास त्यांनी नकार दिला, कारण पट्टी लावणे म्हणजे आपण गुन्हेगार आहोत असे मान्य करणे. एवढ्याशा कापडी तुकड्यासाठी त्यांना शिक्षेच्या थंडगार कोठड्यांत डांबण्यात आले. तेथे कॅथलिक होत्या, ऑर्थोडॉक्स होत्या, पेंटेकोस्टल होत्या, कोणताही धर्म न मानणाऱ्याही होत्या. रातुशिन्स्कायाने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या सहवासाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात वीरश्रीपेक्षा शिवणकाम आणि विनोदबुद्धी यांनाच अधिक जागा आहे. ते पुस्तक टिकले याचे श्रेय त्या विनोदबुद्धीला द्यावे लागेल.

याच छावणीत तिच्या आधी नियोले सादूनायते ही लिथुएनियन जोगीण येऊन गेली होती. तिचा अपराध टंकलेखनाचा. लिथुएनियातील कॅथलिकांवरील अत्याचारांची नोंद ठेवणारे एक गुप्त नियतकालिक १९७२ पासून निघत होते. कार्बन ठेवून त्याच्या प्रती टंकित केल्या जात आणि हातोहाती पसरत. १९७४ साली त्याचा अकरावा अंक टंकित करीत असताना ती पकडली गेली. नियतकालिक मात्र बंद पडले नाही. १९८३ साली त्याचे संपादक सिगितास तामकेविचुस यांनाही अटक झाली, तरी ते निघतच राहिले. १९८९ पर्यंत त्याचे ८१ अंक निघाले. त्यात कल्पनाविलास नाही, भाषेचे लावण्य नाही; अमुक दिवशी अमुक गावी घराची झडती झाली, अमुक मुलाला वर्गात उभे करून क्रॉसबद्दल छेडले, अशा कोरड्या नोंदी आहेत. विसाव्या शतकातील गद्याचा इतिहास लिहिणाऱ्याने या कोरडेपणाची दखल घ्यायला हवी.

हे कागद सीमेपलीकडे पोचले, तरी ते वाचणारा आणि पारखणारा कोणी हवा होता. मायकेल बोर्डो हा अँग्लिकन धर्मगुरू १९५९-६० मध्ये मॉस्कोत विद्यार्थी होता. १९६४ साली तो पुन्हा तेथे गेला, तेव्हा नुकत्याच उद्ध्वस्त केलेल्या एका चर्चच्या कुंपणापाशी त्याला दोन स्त्रिया दिसल्या. युक्रेनमधील पोचायेव मठाच्या छळाविषयीचे ज्यांचे पत्र वाचून तो मॉस्कोला आला होता, त्याच त्या निघाल्या. आमच्यासाठी काय करू, असे त्याने विचारले. आमचा आवाज हो, एवढेच त्यांनी सांगितले. १९६९ साली त्याने एक अभ्यासकेंद्र स्थापन केले, आणि पुढे ते केंट परगण्यातील केस्टन या गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या केंद्राने आरोळ्या ठोकल्या नाहीत. माहिती पडताळावी, कैद्याचे नाव, शिक्षा आणि छावणी नोंदवावी, आणि मग छापावे, असा त्याचा खाक्या होता. १९७५ च्या हेलसिंकी करारात सोव्हिएत संघाने विवेकस्वातंत्र्याचे कलम मान्य केल्यावर अशा नोंदींना वजन आले. स्वाक्षरी करणाऱ्याला त्याची स्वाक्षरी दाखविता येऊ लागली.

रातुशिन्स्कायासाठी झालेली खटपट याहून नाट्यमय होती. डिक रॉजर्स या धर्मगुरूने १९८६ चा लेंटचा उपवासकाळ बर्मिंगहॅममधील एका चर्चमध्ये, कोठडीची प्रतिकृती उभारून, कैद्याच्या आहारावर काढला. काहींना हा देखावा वाटला असेल. पण परदेशातील अनोळखी स्त्रीची भूक आपल्या गावच्या लोकांना दिसावी कशी, या प्रश्नाला त्याच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते. ९ ऑक्टोबर १९८६ रोजी, रेक्याविक येथे रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची भेट दोन दिवसांवर आली असताना, तिची सुटका झाली. माणसाची मुक्तता शिखर परिषदेच्या वेळापत्रकात बसविली जावी, यात दिलासा किती आणि उपहास किती, हे ठरविणे सोपे नाही.

त्याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. बराशेवोच्या त्या आवारात ‘सच्च्या ऑर्थोडॉक्स’ पंथाच्या वृद्ध स्त्रियांनीही वर्षे काढली होती. राज्यसत्ता हीच ख्रिस्तविरोधी, अशी त्यांची धारणा असल्यामुळे त्या तिचे ओळखपत्र घेत नसत, तिच्या कागदांवर सही करीत नसत. अर्ज करणे, दाद मागणे हे त्यांच्या श्रद्धेतच बसत नव्हते. त्यांच्यापाशी कविता नव्हती, अनुवादक नव्हता, आणि ज्या जगाकडे आवाज पोचवायचा त्या जगाशी त्यांना कर्तव्यही नव्हते. बाहेरची चळवळ नावावर चालते. ज्यांनी नाव सांगण्यालाच नकार दिला त्यांच्यासाठी पत्रके कशी छापावीत? त्यांचे जे थोडे चित्र उरले आहे, ते पुष्कळसे रातुशिन्स्कायासारख्या सहबंदिनींनी लिहिले म्हणून. सुटलेल्या कवयित्रीने न सुटलेल्यांची इतकी फेड केली, हे तिच्या कवितेच्या मूल्यमापनात धरावे की नाही, याविषयी समीक्षकांत मतभेद संभवतो. न धरणे मात्र कोतेपणाचे होईल.

केस्टनचे दप्तर २००७ पासून अमेरिकेत, टेक्सासमधील बेलर विद्यापीठात आहे. बोर्डो २०२१ मध्ये निवर्तला. रातुशिन्स्काया १९९८ साली रशियात परतली आणि ५ जुलै २०१७ रोजी मॉस्कोत तिचे निधन झाले. त्याच वर्षीच्या २० एप्रिलला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने यहोवाच्या साक्षीदारांची संघटना ‘अतिरेकी’ ठरवून तिच्यावर बंदी घातली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ओर्योल येथील न्यायालयाने डेनिस क्रिस्टेन्सन या डॅनिश सुताराला सहा वर्षांची शिक्षा सुनावली. बंदी घातलेल्या संघटनेचे कार्य चालू ठेवणे, हा त्याचा गुन्हा. सोव्हिएतविरोधी प्रचाराचे जुने कलम केव्हाच रद्द झाले आहे. नव्या कलमातही प्रार्थनेचा उल्लेख नाही.