टोकियो, पण जरा हळू

टोकियो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? शिबुयाचं ते फेमस क्रॉसिंग, निऑनच्या पाट्या, सेकंदावर धावणाऱ्या ट्रेन्स आणि त्या ट्रेन्समध्ये उभ्याउभ्या डुलक्या काढणारे सूटबूटवाले. मीही हेच डोक्यात घेऊन गेले होते. चार दिवस ते मनसोक्त बघितलं, ढिगाने फोटो काढले, पायांचे तुकडे पाडून घेतले. पाचव्या दिवशी वाटलं, बास! हे शहर काम कुठे करतं ते कळलं, आता ते राहतं कुठे ते बघायचंय. चपला घालून कोपऱ्यावर भाजी आणायला जाणारं, दारातल्या कुंड्यांना पाणी घालणारं, शेजाऱ्याशी दोन मिनिटं गप्पा मारणारं टोकियो कुठेतरी असणारच ना?

आहे. त्याचं नाव यानाका.

मी उतरले होते निशी-कासाईत, मैत्रिणीकडे. टोकियोतल्या भारतीय आयटीवाल्यांचा हा आवडता एरिया. इथे तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो आणि लिफ्टमध्ये अधूनमधून मराठीही ऐकू येतं. मैत्रीण सहा वर्षं या शहरात आहे. यानाकाला जायचंय म्हटल्यावर तिने आधी मॅप उघडला. ‘अगं, हे तर अर्ध्या तासावर आहे! मग मला कुणी सांगितलं कसं नाही?’ सुट्टीचा दिवस होता, तीही निघाली.

सुरुवात स्मशानापासून

यामानोते लाइनवरच्या निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेकडच्या दाराने बाहेर पडलं, की पाच मिनिटांत आवाज बदलतो. आधी ट्रेनची घरघर कमी होते, मग अनाउन्समेंट्स विरतात. मग कावळा ओरडतो आणि तुम्हाला चक्क तो ऐकू येतो!

आम्ही पहिल्यांदा शिरलो ते यानाकाच्या दफनभूमीत. नाक मुरडू नका. ही जागा भुताटकीची नाही, बागेसारखी आहे. मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चेरीची झाडं, त्यामागे सुमारे सात हजार थडगी. एक आजोबा सायकलवरून भाजी घेऊन चालले होते, शाळेतून आलेली दोन पोरं शॉर्टकट मारत होती. मेलेल्यांचं आणि जिवंतांचं इतकं सहज शेजारपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जपानचा शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू याचीही समाधी इथेच आहे. ज्या घराण्याने अडीचशेहून जास्त वर्षं जपानवर राज्य केलं, त्याचा शेवटचा सत्ताधीश.

त्याच रस्त्यावर एका कठड्याच्या आत नुसते दगड दिसतात. इथे ३४ मीटर उंचीचा पाच मजली लाकडी पॅगोडा होता. १७९१ साली पुन्हा बांधलेला, भूकंप आणि महायुद्धाला पुरून उरलेला. १९५७ च्या जुलैमध्ये एका जोडप्याने त्यात आत्महत्या केली आणि त्या आगीत अख्खा पॅगोडा जळाला. पुन्हा बांधायच्या चर्चा झाल्या, पण आज तिथे पायाचे दगडच आहेत. बाजूला मुलांचं खेळायचं मैदान. जुनं काही टिकलंय म्हणून आपण खूश होतो, तेव्हा ते किती बारीक दोऱ्यावर टिकलंय हे या दगडांसमोर कळतं.

गल्ल्या, कुंड्या आणि मांजरं

दफनभूमीतून बाहेर पडलात की मॅप खिशात ठेवा. खरंच. यानाका बघायची नाही, भटकायची जागा आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या. दोन मजली लाकडी घरं, सरकते दरवाजे, अंगण नाही म्हणून दारातच ओळीने मांडलेल्या कुंड्या. दर थोड्या अंतरावर देऊळ. यानाका आणि आसपासच्या भागात मिळून सत्तरच्या आसपास बौद्ध मंदिरं आहेत. कान्नोनजी मंदिराची जुनी भिंत तर बघाच. कौलं आणि माती, पुन्हा कौलं आणि माती, असे थरावर थर. एखाद्या लेअर केकसारखी! आणि मांजरं. भिंतीवर, स्कूटरच्या सीटवर, दुकानाच्या पाटीवर, बिस्किटांच्या आकारात. खरी कमी झाली असतील, पण त्यांची चित्रं-पुतळे भरपूर.

शिल्पकार असाकुरा फुमिओ याचं घरही याच वस्तीत आहे. हा माणूस मांजरांचा वेडा होता. मांजरांची शिल्पं तर त्याने केलीच, शिवाय १९३५ मध्ये पुरं झालेल्या या घराच्या गच्चीवर शिष्यांसाठी बाग केली. शिल्पकाराला मातीची ओळख हवी, म्हणून शिष्यांनी तिथे भाज्या पिकवायच्या! आज ते म्युझियम आहे. चपला काढून आत जायचं, मधल्या पाण्याच्या बागेकडे तोंड करून बसायचं. आम्ही दोघी अर्धा तास न बोलता बसलो. आमच्या मैत्रीच्या इतिहासातला हा रेकॉर्ड असावा.

नशीब अधिक माणसं

आता मुद्द्याचं. इतक्या प्रचंड शहरात ही वस्ती राहिली कशी?

पहिलं उत्तर, नशीब. १६५७ साली एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, भयंकर आग लागली. त्यानंतर बरीच मंदिरं शहराच्या मध्यातून हलवून बाहेर आणली गेली आणि यानाका हे देवळांचं गाव बनलं. १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगींनी टोकियोचा मोठा भाग खाक केला, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत पुन्हा शहर जळालं. यानाकालाही झळ बसली, पण बराचसा भाग दोन्ही वेळा वाचला.

पण नशीब इमारत एकदाच वाचवतं. बिल्डरपासून दर वर्षी वाचवायला माणसं लागतात. १९८४ मध्ये इथल्या तीन तरुण आयांनी एक छोटंसं मासिक काढलं. त्यांतल्या मोरी मायुमी पुढे नावाजलेल्या लेखिका झाल्या. यानाका, नेझू, सेंदागी या शेजारच्या तीन वस्त्यांचं हे मासिक. त्यांनी काय छापलं? सेलिब्रिटी नाहीत, फॅशन नाही. टोफूवाल्याची आठवण, सार्वजनिक स्नानगृहाचा इतिहास, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या भूकंपाच्या गोष्टी. मासिक २००९ मध्ये थांबलं. पण तिन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून झालेला ‘यानेसेन’ हा शब्द आज गाइडबुकात आहे. एखाद्या वस्तीला आपली किंमत कळायला कधीकधी कुणीतरी ती लिहून काढावी लागते. पत्रकार म्हणून हे वाचताना, खोटं कशाला बोलू, कॉलर थोडी ताठ झाली.

त्यानंतर एकेक इमारत. दोनशे वर्षांची परंपरा असलेलं एक स्नानगृह १९९१ मध्ये बंद पडलं. १९९३ मध्ये तिथे ‘स्काय द बाथहाऊस’ ही मॉडर्न आर्टची गॅलरी सुरू झाली. बाहेर कौलारू छप्पर आणि चिमणी, आत पांढऱ्या भिंतींवर एकदम हटके आर्ट. पलीकडच्या कोपऱ्यावर ‘कायाबा कॉफी’. इमारत १९१६ ची, कॉफीचं दुकान १९३८ चं. २००६ मध्ये त्याला कुलूप लागलं, तेव्हा ही गॅलरी आणि एक स्थानिक संस्था पुढे आली आणि २००९ मध्ये ते पुन्हा उघडलं. अर्धी कॉफी आणि अर्धा कोको असलेलं ‘रशियन’ नावाचं ड्रिंक मागवा, सोबत एग सँडविच.

माझी फेव्हरिट गोष्ट मात्र हागिसोची. १९५५ ची लाकडी चाळवजा इमारत, आर्टच्या विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतलेली. २०११ च्या भूकंपानंतर मालकांनी ती पाडायचं ठरवलं. विद्यार्थी म्हणाले, पाडा, पण आधी तिला नीट निरोप देऊ. २०१२ मध्ये त्यांनी अख्ख्या घराचंच प्रदर्शन केलं. ते बघायला इतके लोक आले की मालकांचं मन बदललं. २०१३ पासून तिथे कॅफे आणि गॅलरी आहे. २०१५ पासून तर भन्नाट हॉटेलही. रिसेप्शन हागिसोत, खोली गल्लीतल्या दुसऱ्या जुन्या घरात, आंघोळ मोहल्ल्याच्या स्नानगृहात, जेवण आसपासच्या खाणावळींत. म्हणजे पूर्ण वस्तीच तुमचं हॉटेल! मोठी लॉबी बांधायची गरजच नाही.

अरे, हे तर आपलेच!

यानाकात ‘सात भाग्यदेवतां’ची यात्रा करायची जुनी पद्धत आहे. जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांत लोक सात देवळं पायी फिरतात आणि प्रत्येक ठिकाणचा शिक्का कागदावर घेतात. आता बोला, हे सात कोण? तेन्नोजी मंदिरातला चिलखतधारी बिशामोनतेन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. उएनोच्या तळ्यातली बेन्झाइतेन म्हणजे साक्षात सरस्वती. आणि तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला, गोल पोटाचा हसरा दाइकोकुतेन म्हणजे... महाकाल! चीनमार्गे जपानला पोचेपर्यंत त्याचा सगळा राग उतरला आणि तो स्वयंपाकघराचा देव झाला. प्रवास माणसाला बदलतो म्हणतात. देवालाही बदलतो, हे मला इथे कळलं.

एका छोट्या बागेत ओकाकुरा तेनशिन यांचं स्मारक आहे. या कलाविचारवंताने १८९८ मध्ये इथेच आपली कलासंस्था काढली, १९०२ मध्ये कलकत्त्याला जाऊन टागोरांच्या घराशी मैत्री केली आणि पुढच्याच वर्षी आपले दोन चित्रकार तिकडे पाठवले. तिथून थोडं पुढे, तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, एका जुन्या ब्रेडच्या दुकानाला मिठीत घेऊन उभा असलेला अवाढव्य देवदार आम्ही बघितला. हिमालयातला देवदार! दुकानाच्या आधीच्या पिढीने कुंडीत लावलेला. कुंडी कधीच फुटली, झाड राहिलं.

खा, पण उभे राहून

संध्याकाळी ‘युयाके दानदान’ गाठा. नावाचा अर्थ, सूर्यास्ताच्या पायऱ्या. खाली यानाका गिन्झाची जेमतेम १७० मीटरची बाजारपेठ. साठेक दुकानं असतील. चहा, लोणची, मासे, चपला, तांदळाची खरपूस सेनबेई बिस्किटं. गरमागरम मेन्ची-कात्सू म्हणजे खिम्याचं तळलेलं कटलेट, त्यामुळे व्हेज मंडळींनी सेनबेई आणि मांजराच्या शेपटीच्या आकाराच्या डोनटवर भागवावं. उन्हाळ्यात ‘हिमित्सुदो’समोर बर्फाच्या गोळ्यासाठी लांबलचक रांग लागते. बर्फ हाताने चरक फिरवून किसतात, गिरगाव चौपाटीवाल्याला लगेच आपुलकी वाटेल. एकेकाळी इथल्या शेतांतलं आलं इतकं नावाजलेलं होतं की, मिसोला लावून खायच्या कोवळ्या आल्याला आजही नुसतं ‘यानाका’ म्हणतात.

एक लक्षात ठेवा. घेतलं ते दुकानासमोर उभं राहून संपवायचं, खात खात गल्लीत फिरायचं नाही. दुकानदार कागद आपल्याकडूनच परत घेतो.

आणि आपण?

दिवस संपता संपता मैत्रीण म्हणाली, ‘इथे घर घ्यावं गं.’ मलाही तेच वाटत होतं. पण हे ‘वाटणं’च तर इथला खरा प्रॉब्लेम आहे. घराचे म्हातारे मालक जातात, मुलांना वारसा कर भरावा लागतो (जपानमध्ये तो वरच्या टप्प्यात ५५ टक्क्यांपर्यंत जातो), जागा विकली जाते आणि छोट्या घराच्या जागी फ्लॅट्स उभे राहतात. शिवाय ज्या अरुंद गल्ल्यांवर आपण फिदा होतो, त्या भूकंपाच्या रात्री अग्निशमनाच्या गाडीला अडवतात. म्हणून तर गल्लीगल्लीत लाल पेट्यांमध्ये आग विझवायची नळकांडी ठेवलेली दिसतात. इथे राहणाऱ्यांना रोमँटिक होऊन चालत नाही.

त्यात आपण. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पर्यटक जपानला गेले. त्यांतले थोडेसे जरी या गल्ल्यांत शिरले, तरी कुणाच्या तरी खिडकीखाली दिवसभर सुटकेसची चाकं खडखडणार. शांतता ही बघायची वस्तू नाही, ती कुणाची तरी रोजची सवय आहे. ती बघायला जाणाऱ्याने थोडी स्वतःबरोबर न्यायची असते.

म्हणून जा, जरूर जा. पण ग्रुपने नको, दोघं-तिघं जा. कुंड्यांचे फोटो काढा, खिडक्यांचे नको. दुकानातून काहीतरी विकत घ्या, कारण ती दुकानं लाइकवर चालत नाहीत. आणि परत आल्यावर आपल्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे आधी काय होतं? लिहून काढायला तिघी पुरतात.

क्विक गाइड

कसं जाल: जेआर यामानोते लाइनचं निप्पोरी स्टेशन, किंवा मेट्रोच्या चियोदा लाइनवरचं सेंदागी अथवा नेझू. निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइन पकडा.

कधी: एप्रिलच्या सुरुवातीला दफनभूमीतला चेरीचा बहर. एप्रिलच्या मध्यापासून १७०६ साली बांधलेल्या नेझू मंदिरातली अझेलियाची फुलं. ऑगस्टमध्ये झेनशोआन मंदिरातली भुतांची चित्रं. एरवी कोणतीही वीकडेची सकाळ.

किती वेळ: अर्धा दिवस पुरतो, पूर्ण दिवस ठेवा.

काय घ्याल: १८६४ पासून चालू असलेल्या ‘इसेतात्सु’मधले ठशांचे रंगीत चियोगामी कागद. बॅगेत वजन नाही आणि गिफ्ट एकदम क्लास.