उत्तराला उसंत

युरो २००० स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही कोल्हापूरच्या घरी मध्यरात्र उलटून गेल्यावरही जागून पाहिला. आम्ही म्हणजे मी आणि आबा. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहण्यात आबांची हयात गेलेली. रॉटरडॅममध्ये इटली १-० अशी पुढे होती. अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या विल्टोरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत, १०३व्या मिनिटाला, त्रेझेगेने सामना संपवला. अक्षरशः संपवला, कारण 'गोल्डन गोल'च्या नियमानुसार जादा वेळेतला पहिला गोल हाच शेवट. आबा उठून बसले. "अरं, गोल खाल्ल्यावर मध्यावरनं चेंडू सुरू करायचा असतोय. ह्यांनी तर दुकानच बंद केलं!"

मी तेव्हा एम.ए.ला होतो. लघुकथेच्या कलाटणीवर नुकतेच काही वाचले होते. शेवट असाच हवा, एका घावात होणारा, असे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवले. आबा काही बोलले नाहीत.

या नियमाचे जुने नाव 'सडन डेथ'. फुटबॉलने १९९३ मध्ये त्याला सोन्याचा मुलामा दिला. संघ धाडसाने चाल करतील, अशी अपेक्षा होती. पुष्कळदा घडले उलटेच. एका चुकीला क्षमा नाही म्हटल्यावर माणसे जपून खेळू लागली. १९९८ च्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध ब्लांचा गोल झाला, तो जादा वेळ सरत आलेला असताना. २००४ च्या युरोनंतर हा नियम रद्द झाला.

मात्र पेनल्टी फटक्यांमध्ये 'सडन डेथ' आजही आहे. पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी राहिली, तर पुढे एकेका फटक्यावर निकाल लागतो. पण तेथे पहिल्याने गोल केला तरी दुसऱ्याला त्याचा फटका मिळतोच. म्हणजे आबांची तक्रार शेवट अवचित येण्याविषयी नव्हती. उत्तराला उसंत मिळाली नाही, हे त्यांना खुपले होते. वर्गात कथा शिकवताना हा भेद मला फार उशिरा उमगला.

२०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत, १०८व्या मिनिटाला, मेस्सीने गोल केला. जुना नियम असता तर खेळ तिथेच थांबला असता. एम्बापेने ११८व्या मिनिटाला केलेली ३-३ ही बरोबरी मग झालीच नसती. अर्जेंटिना पुढे पेनल्टींवर जिंकली. विजेता बदलला नाही. तरीही त्या दहा मिनिटांवाचून तो सामना अपुरा वाटला असता.

२००१ च्या हिवाळ्यात आबांचे एक आंतर्देशीय पत्र आले होते. मी धरलेली तात्पुरती प्राध्यापकी त्यांना मान्य नव्हती. मी चार पाने भरून उत्तर लिहिले, मुद्देसूद, थोडे बोचरे. टपालात टाकण्याआधी एकदा वाचावे म्हणून ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेण्याइतकीही सवड मिळाली नव्हती.

ती चार पाने अजून माझ्याकडे आहेत. आता वाचताना त्यातले दोन मुद्दे सरळसरळ चुकीचे वाटतात. पण ते आबांनी खोडून काढायला हवे होते.