कांचेपलीकडील माणूस

रात्रीं दिवाणखान्यांत दिवा लावून बंद खिडकीच्या कांचेंतून बाहेर पाहिलें, म्हणजे एक लहानसा चमत्कार दृष्टीस पडतो. आंतला दिवा बाहेरच्या अंगणांत, आंब्याच्या फांदीपाशीं, अधांतरीं लटकलेला दिसतो. फांदी दिव्याला अडवीत नाहीं आणि दिवा फांदीला झांकीत नाहीं. हा देखावा आपण इतक्या वेळां पाहिलेला असतो कीं, त्यांत कांहीं नवल आहे असें आपल्या मनांतही येत नाहीं. परंतु ‘होलोग्राम’ या भारदस्त नांवाखालीं आज सभांतून व रंगभूमीवर जीं अधांतरीं माणसें दाखविलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळांचा जन्म या खिडकीच्या कांचेंतच झालेला आहे.

त्यामागील शास्त्र अवघड नाहीं. साध्या कांचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें ८ टक्के प्रकाश परत फिरतो. बाकीचा बहुतेक पार निघून जातो. दिवसां बाहेरच्या उजेडांत हे ८ टक्के लोपून जातात. रात्रीं बाहेर अंधार झाला कीं तेच डोळ्यांत भरतात. शिवाय आरशाचा नियम कांचेलाही लागू आहे. वस्तु कांचेच्या अलीकडे जितकी दूर, तितकीच तिची प्रतिमा पलीकडे दूर दिसते. म्हणून ती कांचेला चिकटलेली न वाटतां मोकळ्या जागेंत उभी आहे असें वाटतें. इटलींतील जांबातिस्ता देल्ला पोर्ता या पंडितानें खोलींत नसलेल्या वस्तु खोलींत कशा दाखवाव्या, याची कृति १५८९ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविली आहे.

ही युक्ति नाटकगृहांत आणण्याची कल्पना हेन्री डर्क्स नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें १८५८ सालीं मांडली. पण त्याच्या योजनेप्रमाणें नाटकगृहाची बांधणीच बदलावी लागे. म्हणून ती कोणी पत्करीना. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंतील जॉन हेन्री पेपर यांनीं त्यांत सुधारणा केली. रंगभूमि व प्रेक्षक यांच्यामध्यें मोठी कांच तिरपी उभी करावयाची, आणि पुढच्या खालच्या खड्ड्यांत, प्रेक्षकांस दिसणार नाहीं अशा जागीं, भूत झालेला नट ठेवावयाचा. त्याच्यावर दिव्याचा झोत सोडला कीं भूत प्रकट होई. झोत मंद केला कीं अंतर्धान पावे. १८६२ च्या नाताळांत डिकन्सच्या एका भूतकथेंतील प्रसंग या रीतीनें दाखविला गेला, आणि लोकांनीं त्यास ‘पेपरचें भूत’ हें नांव दिलें. मूळ कल्पना काढणाऱ्या डर्क्सचें नांव मागें पडलें.

या खेळांतील एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भुताशेजारीं उभ्या असलेल्या नटाला तें भूत मुळींच दिसत नसे. कांचेवरून परतलेले किरण प्रेक्षकांकडे जात; रंगभूमीकडे त्यांतला एकही वळत नसे. त्यामुळें तरवार कोठें मारावयाची, तोंड कोणीकडे करून दचकावयाचें, हें नटानें आधीं ठरलेल्या जागेवरून जाणावें लागे.

पुढें जड कांचेच्या जागीं ताणून बसविलेला पातळ पारदर्शक पडदा आला, आणि खड्ड्यांतील जिवंत नटाच्या जागीं चलच्चित्र आलें. १९९६ सालीं मरण पावलेला टुपाक शकूर हा अमेरिकन गायक २०१२ सालीं कॅलिफोर्नियांतील एका जलशांत पुन्हां गातांना दिसला, तो याच रीतीनें. आपल्याकडे २३ जानेवारी २०२२ रोजीं दिल्लीच्या इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फूट उंचीचा प्रकाशाचा पुतळा उभा राहिला. तेथें पारदर्शक पडद्यावर शक्तिमान प्रक्षेपकानें प्रतिमा पाडलेली होती. त्याच वर्षीं ८ सप्टेंबरास त्या जागीं ग्रॅनाइटचा पुतळा आला.

काटेकोरपणें पाहिलें तर यांपैकीं एकालाही होलोग्राम म्हणतां येत नाहीं. खरा होलोग्राम डेनिस गाबोर यांनीं १९४७ सालीं शोधून काढला, व त्याबद्दल त्यांस १९७१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. साधें छायाचित्र प्रकाश कोठें किती पडला एवढेंच टिपतें. होलोग्राम प्रकाशाच्या लहरी कशा आल्या तेंही टिपतो. म्हणून डोकें थोडें बाजूला नेलें कीं वस्तूची बाजू दिसूं लागते. त्याचा तुकडा पडला, तरी त्या तुकड्यांतूनही अखंड वस्तु दिसते. मात्र लहान झरोक्यांतून पाहावें तशी.

हें सर्व विवेचन करण्याचें कारण असें कीं, हा विषय मध्यंतरीं आमच्या घरांत नुसत्या कुतूहलाचा राहिला नाहीं. आमचे वडील २०२० सालच्या साथींत निवर्तले. त्यानंतर मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाची शांत करण्याचें ठरलें, तेव्हां अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानें एक योजना पुढें केली. घरांतील एका लग्नाच्या चित्रफितींत वडील खुर्चीवर बसलेले व मग उठून चालत गेलेले होते. ती फीत तिरप्या पारदर्शक पडद्यावर पाडून मातोश्रींच्या शेजारीं वडील बसलेले दाखवावयाचे; आणि संगणकाच्या साहाय्यानें त्यांच्याच आवाजांत नातवंडांस आशीर्वाद द्यावयाचा. मुलें हरखून गेलीं. वडील मंडळी मातोश्रींच्या तोंडाकडे पाहूं लागली.

मातोश्रींनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “मी शेजारीं बसलें, तर मला ते दिसतील का रे?”

पुतण्या म्हणाला, “नाहीं आजी. त्यासाठीं तुला इकडे समोर येऊन बसावें लागेल. शेजारच्याला दिसत नाहीं.”

“मग माझ्या शेजारची जागा रिकामीच कीं,” मातोश्री म्हणाल्या. “तुम्हांला भरलेली दिसेल एवढेंच. आणि आशीर्वाद त्यांनीं हयातींत पुष्कळ दिले आहेत. जें ते बोलले नाहींत तें त्यांच्या तोंडीं घालूं नका.”

येथें विषय संपला असता. पण परदेशांतून आलेली आमची धाकटी बहीण एकाएकीं म्हणाली, “तुम्हां सगळ्यांना बाबांचें शेवटचें दर्शन तरी झालें. मला विमान मिळालें नाहीं. मी त्यांना पडद्यावर पाहिलें तें इस्पितळांतलें. मला एकदां ते या घरांत उभे असलेले पाहूं द्या.”

यावर कोणास कांहीं बोलतां येईना. मातोश्रीही बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं पुतण्याला सांगितलें कीं, समारंभांत नको; रात्रीं सर्व निजल्यावर हिला एकटीला दाखव, आणि त्यांत आवाज घालूं नकोस.

त्याप्रमाणें झालें. फीत दोन-अडीच मिनिटांची होती. बहीण बाहेर येऊन मातोश्रींच्या अंथरुणापाशीं जाऊन पडली. दुसरे दिवशीं आम्हांस म्हणाली, “बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, दादा. पण खुर्चीवरून उठतांना ते गुडघ्यावर हात टेकून क्षणभर थांबत, तें मी अगदीं विसरून गेलें होतें.” पडदा पुन्हां लावण्याची गोष्ट तिनें काढली नाहीं.

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. मातोश्रींनीं वडिलांजवळ पन्नासांहून अधिक वर्षें काढलीं. त्यांस प्रेक्षकांच्या जागीं जाऊन बसणें मानवलें नसतें. बहिणीची जागा मात्र दैवानें आधींच दूर नेऊन ठेविलेली होती. आणि दूर असणाऱ्यालाच ही प्रतिमा कांहीं देऊं शकते. एकाच घरांतील दोघींचें दुःख सारखें नव्हतें, आणि तें ओळखून मातोश्रींनीं दोघींस निरनिराळा न्याय दिला. यंत्र सर्वांना एकच देखावा दाखवितें; कोणी कोठें बसावें हें त्याला ठरवितां येत नाहीं.

अशा सोयी आतां स्वस्त होत चालल्या आहेत, आणि पुढेंमागें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा प्रश्न मुलांच्या तोंडून निघेल. त्या वेळीं मुलांच्या हौसेवर एकदम पाणी ओतूं नये. त्यांना कांचेचें शास्त्र विचारावें, म्हणजे तींही चार गोष्टी वाचतील. मात्र गेलेलें माणूस जसें वागलें व बोललें तेवढेंच दाखवावें, आणि त्याच्या सर्वांत जवळ जें बसत असे त्याला आधीं विचारावें. त्यानें नको म्हटलें तर तो शब्द शेवटचा मानावा.