कोल्हापूरहून उत्तरेकडे

कोल्हापूर हे रेल्वेच्या दृष्टीने टोकाचे स्टेशन आहे. मिरजेपर्यंतचा सुमारे ४७ किलोमीटरचा फाटा संस्थानाने बांधला आणि १८९१ मध्ये त्यावर गाडी सुरू झाली. पुढची ऐंशी वर्षे हा मार्ग मीटरगेज होता, म्हणून दिल्ली-आग्र्याकडे निघालेल्या माणसाला पुण्यात सामान उतरवून दुसरी गाडी धरावी लागे. १९७१ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला. आता निजामुद्दीनची साप्ताहिक गाडी थेट कोल्हापूरहून निघते, आणि मिरज गाठले तर वास्कोहून येणारी गोवा एक्सप्रेसही मिळते. पाठीवर एक सॅक, डब्यात चपात्या आणि कांदा-लसूण चटणी, पिशवीत भडंग एवढ्या तयारीवर हा प्रवास होतो.

मात्र ही वाट निव्वळ प्रेक्षणीय स्थळांची नाही. अठराव्या शतकात मराठी फौजा ज्या दिशेने गेल्या, बरीचशी तीच दिशा हे रूळ धरतात, आणि गावेही जवळजवळ त्याच क्रमाने भेटतात. सातारा जिल्ह्यात गाडी कोरेगावला येते. याच तालुक्यातले कान्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. पुढे नीरा नदी लागते, आणि तिच्या काठचे होळ हे मल्हारराव होळकरांचे. दोन्ही गावे गाडीतून दिसत नाहीत. तरीही दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरचा किल्ला खिडकीत उभा राहतो तेव्हा या लहान गावांचे मोठेपण नकाशापेक्षा स्पष्ट कळते. विमानाने जाणाऱ्याला ते कळणार नाही, कारण मधले अंतरच त्याच्या हाती लागत नाही.

मनमाड, भुसावळ मागे पडले की तापीकाठी बऱ्हाणपूर येते. दख्खनचे हे दार, आणि येथे उतरणारे प्रवासी फार थोडे, ही खेदाची गोष्ट आहे. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात वारली. तिला प्रथम तापीपलीकडच्या बागेत पुरले आणि नंतर आग्र्याला नेले. म्हणजे ताजमहालाची गोष्ट आग्र्यात संपते, पण सुरू होते ती येथे. शहरापासून थोड्या अंतरावर असीरगड आहे. इटारसीनंतर नर्मदा ओलांडून गाडी विंध्याच्या घाटातून भोपाळला पोचते, आणि भोपाळ-विदिशा टप्प्यात सांचीची टेकडी येते. सकाळच्या पॅसेंजरने तेथे उतरून संध्याकाळी पुढे निघता येते. सॅक भोपाळच्या क्लोकरूममध्ये ठेवली की पाय मोकळे होतात.

झाशीला मात्र मुक्काम हवाच. ओरछ्याच्या बीरसिंहदेवाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला किल्ला पुढे नेवाळकरांकडे आला, आणि तेथून राणी लक्ष्मीबाई लढल्या. त्या वेढ्याचे मराठीतले सर्वांत जिवंत वर्णन पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे आहे. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आणि मोठी दक्षिणा मिळणार, या आशेने ते काकांबरोबर १८५७ मध्ये निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापले गेले. झाशीला निघताना सोबत एकच पुस्तक न्यायचे असेल, तर ते हेच. राणीची समाधी ग्वाल्हेरला फूलबागेत आहे. तेथपर्यंत रेल्वेने दोनेक तासांची वाट.

ग्वाल्हेरचे कोल्हापूरशी नाते तलवारीपेक्षा गाण्याने अधिक घट्ट आहे. शिंद्यांच्या दरबारी हद्दू-हस्सू खाँ यांनी जी ख्यालगायकी घडवली, ती वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून शिकून महाराष्ट्रात आणली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. मिरजेत त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. ज्या मिरज स्टेशनात गाडी बदलायची, त्याच गावात हे घडले. उलट दिशेनेही माणसे आली. जयपूर भागातल्या उणियाऱ्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरचे झाले.

ग्वाल्हेरपुढे चंबळेच्या घळी सुरू होतात, मग धौलपूर, मग आग्रा. आग्र्यात प्रवासी आधी ताजकडे धावतात. मराठी माणसाने किल्ला आधी पाहावा. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबासमोर उभे राहिले ते याच किल्ल्यात, आणि १७ ऑगस्टला ते आग्र्यातून निसटले. आग्र्याहून पूर्वेकडे वळले तर कानपूर लागते. १९१९ मध्ये तेथल्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने शाहू महाराजांना ‘राजर्षी’ ही पदवी दिली. कोल्हापूरच्या तोंडी रुळलेला हा शब्द एवढ्या लांबून आला आहे. त्याच वाटेने पुढे काशी, जिथे विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले आणि शिंदे, भोसले यांच्या नावाचे घाट आजही आहेत.

सरळ उत्तरेला दिल्ली. लाल किल्ल्यात शाहआलम १७७२ मध्ये परतला तो मराठ्यांच्या बळावर, महादजी शिंदे यांच्या साथीने. दिल्लीहून पानिपत गाडीने दोनेक तासांवर आहे, आणि १४ जानेवारी १७६१ च्या रणभूमीवर काला आंबचे स्मारक आहे. दरवर्षी त्या तारखेला तेथे मराठी माणसे जमतात. जानेवारीत उत्तरेकडे दाट धुके पडते आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. म्हणून परतीचे तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा.