पंखा फिरतो, पडदा काळा!

मुलांनो, माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने एकदा मला विचारलं, "बाई, कॉम्प्युटरला पाय नसतात, मग तो बूट कसा होतो?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न मोठा नामी आहे, आणि गंमत म्हणजे तो बूट खरोखर पायातलाच आहे! उंच बुटांना मागे एक कातडी पट्टी असते. ती धरून बूट वर ओढायचा. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून आपणच आपल्याला वर उचलायचं, अशी एक अशक्य करामत इंग्रजीत गमतीने सांगतात. त्या पट्टीच्या नावावरून हा शब्द आला.

कॉम्प्युटरला सुरू होताना तीच करामत करावी लागते. काम कसं करायचं हे सांगणारा प्रोग्राम डिस्कवर असतो. पण डिस्कवरून तो उचलायचा कसा, हे सांगायलाही प्रोग्रामच लागतो! मग पहिला प्रोग्राम आणायचा कोणी? यासाठी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये थोडीशी शिकवण कायमची लिहून ठेवलेली असते. तिला बायोस म्हणतात. बटण दाबलं की प्रोसेसर आधी ती वाचतो आणि हजेरी घ्यायला लागतो. मेमरी आहे का? चित्र दाखवणारा भाग आहे का? कीबोर्ड? डिस्क? ही हजेरी नीट पार पडली तरच पडद्यावर काही दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, आणि हजेरीत कोणी 'हजर' म्हटलंच नाही तर?

तर काय होतं ते मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी, मेहकर तालुक्यात, मी डोळ्यांनी पाहिलं. माझी भाची कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने दादाकडे हट्ट धरला, की तयार कॉम्प्युटर नको, सुटे भाग आणून मी स्वतः जोडते. तेवढ्याच पैशात चांगला होतो. दादाने सोयाबीन विकून आलेल्या पैशातले ३४ हजार रुपये तिच्या हातावर ठेवले. सोयाबीनच्या घरात ३४ हजार म्हणजे काय, ते तुमच्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. भाग आले, दोन दिवस जोडणी चालली, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून तिने बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवे लागले. पडदा मात्र काळा तो काळाच.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आमचे बाबा खुर्ची ओढून बसले होते. ते म्हणाले, "काय झालं वं पोरी? पंखाच घ्याचा होता तं हजार रुपयात आला असता!" बाबा गमतीने बोलले, पण भाचीचा चेहरा उतरला. तिने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "माल चांगलाच दिलाय. जोडताना तुम्हीच काही तरी जाळलं असेल. बदलून मिळणार नाही." दादा काहीच बोलला नाही, नुसता उठून गोठ्याकडे गेला. त्या रात्री पोरगी जेवली नाही.

सकाळी मी तिला म्हटलं, "दुकानदार म्हणतो जळलं. तू म्हणतेस नाही जळलं. दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नाही. चल, आपण पाहू." मला कॉम्प्युटर जोडता येत नाही, बरं का. पण गणितात अडलेल्या मुलाला कुठून अडलं हे शोधायला लावणं, हे माझं रोजचंच काम आहे. तिला एकच अट घातली : एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशाने झालं ते कसं कळणार?

आधी साध्या गोष्टी. मॉनिटरची केबल बरोबर जागी आहे का? ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, ते घाईत केबल मदरबोर्डला लावतात आणि काळा पडदा बघत बसतात. भाचीकडे वेगळं कार्ड नव्हतं. तिच्या प्रोसेसरमध्येच चित्र दाखवायची सोय होती. (सगळ्या प्रोसेसरमध्ये ती नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यात नसते. विकत घेताना हे पाहावं.) मग विजेच्या जोडण्या. मदरबोर्डला २४ पिनांची एक मोठी जोडणी लागते, आणि प्रोसेसरसाठी वेगळी, बहुधा ८ पिनांची. ही दुसरी पुष्कळांची राहून जाते. मग पंखा मजेत फिरतो आणि प्रोसेसर उपाशी! भाचीने दोन्ही काढून पुन्हा 'खट्' आवाज येईपर्यंत बसवल्या. काही फरक नाही.

मग तिने एक चांगली युक्ती केली. मदरबोर्ड पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये पितळी खुंट्यांवर बसवतात. एखादी खुंटी चुकीच्या जागी राहिली, तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि वीज भलतीकडेच जाते. म्हणून तिने सगळा बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला. प्रोसेसर, त्याचा पंखा, मेमरी आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. एवढंच ठेवलं, बाकी सगळं बाजूला. दर वेळी हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावून अंगातली स्थिर वीज घालवायची. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच ही वीज. ती मेमरीला मारू शकते. आणखी एक, मुलांनो : एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोराचा धक्का बसेल एवढी वीज साठून राहते.

खोक्यावरही पडदा काळाच.

आता खरी अडचण आली. बोर्ड काही बोलतच नव्हता. महागड्या बोर्डांवर कुठे अडलं ते दाखवणारे बारीक दिवे असतात; हा स्वस्तातला होता. पण बोर्डावर एक छोटा भोंगा लावायची जागा होती. भोंगा मात्र सोबत आला नव्हता. गावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक जुनं, मोडकं कॅबिनेट धूळ खात पडलं होतं. भाचीने त्यातला भोंगा मागून आणला. दुकानवाल्या दादांनी पैसेही घेतले नाहीत. भोंगा लावला, बटण दाबलं. आवाज नाही.

तेव्हा ती म्हणाली, "आत्या, आता मी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून टाकते आणि मग सुरू करते."

मला नवल वाटलं. आधीच चालत नाही, त्यातून आणखी काढायचं? पण तिने काढल्या, बटण दाबलं, आणि भोंगा लागला की ओरडायला! पीं... पीं... पीं... बाबा दचकून ओट्यावरून आत आले. भाची मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. का, सांगा पाहू? "मेमरी नाही" हे ओरडून सांगण्यासाठी प्रोसेसरला बायोस वाचावा लागतो, हजेरी घ्यावी लागते. म्हणजे प्रोसेसर जिवंत, बोर्ड जिवंत! दुकानदार जे जळलं म्हणत होता, ते जळलेलंच नव्हतं. वर्गातही मला रडणाऱ्या मुलाची एवढी काळजी वाटत नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्याची वाटते.

राहिल्या मेमरीच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या दोन खाचा. दोन्ही पट्ट्या दिसायला एकसारख्या, म्हणून वहिनीने एकीवर आपली लाल टिकली चिकटवली. वहीत चार घरं आखली. टिकलीची पट्टी पहिल्या खाचेत : गप्प. दुसऱ्या खाचेत : गप्प. बिनटिकलीची पहिल्या खाचेत : 'पीं' असा एकच छोटा आवाज, आणि पडद्यावर अक्षरं! दुसऱ्या खाचेत : तसंच. भाचीने टिकलीवालीच्या पितळेसारख्या चकाकणाऱ्या कडा कोऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा लावली. तरी गप्प. म्हणजे खाचा दोन्ही चांगल्या, आणि एक पट्टी खराब. (तुमच्याकडे डीडीआर-५ मेमरीचं नवं मशीन असेल, तर मात्र घाई करू नका बरं! पहिल्या वेळी ते मेमरीची ओळख करून घेत काही मिनिटं काळं राहू शकतं.)

यावरून मला टिफ्रॅकची आठवण झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी तो कॉम्प्युटर स्वतः बांधला आणि १९६० साली तो कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूब म्हणजे विजेच्या दिव्याची चुलत बहीण. तापणार आणि कधी तरी जाणार! भाचीला दोन पट्ट्यांतली एक शोधायची होती. तिथे २,७०० होत्या, आणि ओरडून सांगणारा भोंगा काही आयता मिळणार नव्हता. त्या खोलीभर यंत्राची मेमरी आजच्या हिशेबाने फक्त १० किलोबाइट होती. भाचीच्या एका पट्टीत ८ जीबी, म्हणजे त्याच्या आठ लाख पटींहूनही जास्त! पुढे १९९१ साली पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या कामाचे नेते डॉ. विजय भटकर हे तर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले.

दुकानदाराला भाचीने पुन्हा फोन केला नाही. चारही घरांचा व्हिडिओ काढला, वहीचं पान घेतलं, आणि दादाबरोबर एसटीने स्वतः गेली. दुकानदाराने पट्टी आपल्या मशीनमध्ये लावून पाहिली. तिथेही काळोखच. मग त्याने काही न बोलता नवी पट्टी काढून दिली. 'चुकलो' म्हणाला नाही. दादाने मात्र येताना बसस्टँडवरून पोरीसाठी पाव किलो पेढे आणले. त्याच्या मनात काय होतं ते त्यातच कळलं.

संध्याकाळी दोन्ही पट्ट्या लागल्या, पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजी ओळ आली, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. बाबांनी अर्थ विचारला आणि कपाळाला हात लावला, "आता काऊन?" पण ही ओळ भाचीला हवीच होती. हजेरी पूर्ण झाली होती. डिस्क नवी कोरी, म्हणून तिच्यात शिकवायला कोणी मास्तर नव्हता, एवढंच. तिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हमध्ये उबुंटू भरून आणलं होतं. ते चढायला अर्धा तास लागला, मध्ये एकदा लाईट गेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून चढवावं लागलं.

रात्री साडेदहाला बाबांनी चष्मा लावला आणि फर्मान सोडलं, "आपला सातबारा दाखव यात." भाचीने मोबाइलचं इंटरनेट जोडून उतारा काढला. बाबांनी पडद्यावर बोट ठेवून गट नंबर वाचला, स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि म्हणाले, "बराबर हाय. कागद काढ."

प्रिंटर नव्हता. तो आता पुढच्या सोयाबीनला.