सीतेच्या नावानं

रडायलाही जागा लागते. माझ्या आजीच्या सासरी ती नव्हती. ओटीवर सासरे, माजघरात जावा, चुलीपाशी सासू. आणि चारचौघांत रडणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं. डोळे भरून आलेच तर ओलं लाकूड कामी यायचं. धुराचा तो बहाणा सासूलाही ठाऊक होता. तिच्या वेळी तिनंही तेच केलेलं.

मन मोकळं व्हायचं ते पहाटे, जात्यावर. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला हात घालायच्या आणि मूठमूठ जोंधळे वैरत राहायच्या. दगडाची घरघर सुरू झाली की तिच्या आडोशानं ओवी निघायची. भिंतीपलीकडे निजलेल्याला सूर कळावा, शब्द कळू नयेत, इतपतच आवाज. आणि शब्द कळले तरी काय? वनवास सीतेचा, सासुरवास सीतेचा, पोटुशी असताना रानात सोडलं तेही सीतेलाच. सीतेसाठी डोळे पुसणाऱ्या बाईला कोण काय बोलणार! समोरचीला मात्र कुणाचं दुःख चाललंय ते नेमकं उमगायचं, आणि ती पुढची ओवी उचलायची. लपवण्याची ही रीत मला फार शहाणी वाटते. दुःख झाकलेलं राहायचं, पण कोंडलेलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ऐकताना जीव गलबलतो. कितीतरी ओव्या भावाला उद्देशून आहेत. पण तोच भाऊ दिवाळीला न्यायला आला, की आजी त्याच्या पानात तुपाची धार धरून म्हणायची, "माझं काय, बरं चाललंय." भीतीपोटी नव्हे. हा परत जाऊन आईला सांगेल आणि ती रात्र रात्र जागेल, म्हणून. आपण जे लपवतो त्यातलं निम्मं अशा मायेपोटीच लपवतो, असं मला मनापासून वाटतं.

पुरुषांना तर जातंही नव्हतं. आत्या सासरी गेली त्या दिवशी आजोबा गोठ्यातून बाहेर आले नाहीत.

पुढे गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले. फार चांगलं झालं. जातं परत यावं असं मी कधीच म्हणणार नाही. आता माणसं बाथरूमचा नळ सोडून रडतात. आवाजाचा आडोसा तसाच आहे, पण समोर बसून खुंटा धरणारं कुणी नाही.

म्हणून एवढंच सांगणं आहे. घरात कुणी "काही नाही" म्हणून तोंड फिरवलं, तर लगेच उलटतपासणी घेऊ नका. मटाराच्या शेंगा घेऊन शेजारी बसा, तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट काढा. आणि ते माणूस बोलू लागलं, तर टीव्हीचा आवाज कमी करायला उठू नका.